विला खरा, मालक खोटा : सुट्टीच्या ऑनलाइन बुकिंगमधली फसवणूक

खिडकी_नं_४ (धागाकर्ता)

जोडून सुट्ट्या संपल्या की पहिल्या कामाच्या दिवशी आमच्या शाखेत मोबाइलचा स्क्रीनशॉट पुढे धरून "हे पैसे परत येतील का हो?" असं विचारणारं कुणी ना कुणी असतंच. मी पुण्यात एका बँकेत तक्रारींच्या टेबलावर बसतो. पूर्वी केवायसी, लॉटरी, "आज रात्री वीज तोडणार" असल्या मेसेजच्या तक्रारी जास्त यायच्या. हल्ली सहलीच्या बुकिंगच्याही येतात. अलिबाग-नागावचा विला, लोणावळ्याचा बंगला, दापोलीजवळच्या मुरुडचा होमस्टे, गोव्यात आसगाव-शिवोलीकडचं प्रायव्हेट पूलवालं घर. दिवाळी आणि थर्टी फर्स्ट तोंडावर आलेत म्हणून हा धागा.

फसलेल्या माणसाला घरचे पहिला टोमणा मारतात, "नीट चौकशी नाही का केलीस?" मी जे पाहतो ते उलटं आहे. चौकशी बहुतेकांनी केलेली असते. फोटो पाहिलेले, गूगल मॅपवर बंगला सापडलेला, रिव्ह्यू वाचलेले. एका गृहस्थांनी तर अलिबागच्या मित्राला पाठवून बंगला बाहेरून बघून घेतला होता. पण ही सगळी चौकशी बंगल्याची झाली, आणि बंगला खराच असतो. त्याचा मालक तिसराच कुणी असतो. आपलं घर इन्स्टाग्रामवर परस्पर भाड्याने चाललंय याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. फोनवर बोलणाऱ्या माणसाचा त्या घराशी संबंध काय, हे मात्र तपासायचं राहून जातं.

पद्धत साधारण अशी. खऱ्या विलाचे फोटो आणि रील्स उचलून इन्स्टाग्रामवर पान काढतात, त्याची पैसे भरून जाहिरात करतात. दर फार स्वस्त ठेवत नाहीत, नाहीतर शंका येते. बाजारभावापेक्षा थोडाच कमी. मग व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू. "सर, त्या तारखेला एकच विला उरलाय, दुसरी पार्टी टोकन टाकायला बसलीय." निम्मी रक्कम गेली की जीएसटी क्रमांक छापलेली पावती येते, गूगल मॅपचं पिन येतं. इथपर्यंत सगळं गोड. पुढचा टप्पा डिपॉझिटचा, "रिफंडेबल आहे सर". त्यानंतरचा सगळ्यात वाईट: "तुमचं पेमेंट आमच्या सिस्टीममध्ये अडकलंय, तेवढीच रक्कम पुन्हा टाका, दोन्ही एकदम परत येतील." मूळ टोकनपेक्षा या तिसऱ्या टप्प्यात जास्त पैसे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी गेलेले वाचवायला म्हणून लोक पुढचे घालतात.

आता बँकेच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, नाव. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी पडद्यावर समोरच्याचं बँक खात्यातलं नाव दिसतं. एनईएफटी आणि आरटीजीएसलाही एप्रिल २०२५ पासून खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहता येतं. विलाचं पान एका नावाचं, बोलणारा दुसऱ्या नावाचा आणि खातं तिसऱ्याच राज्यातल्या तिसऱ्याच माणसाचं, हे दिसत असूनही लोक पुढे जातात, कारण उत्तर तयार असतं: "ते आमच्या अकाउंटंटचं आहे." ते खातं असतं भाड्याचं. कुणा गरजू पोराने थोड्या पैशांसाठी आपलं खातं, सिमकार्ड आणि एटीएम कार्ड देऊन टाकलेलं असतं. पैसे तिथे काही मिनिटंच थांबतात आणि पुढच्या खात्यांत फुटतात.

दोन, "तीन दिवसांत कळवलं की बँक भरपाई देते ना?" हा प्रश्न. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर शून्य जबाबदारी अशी तरतूद आहे. पण ती तुमच्या परवानगीशिवाय, बँकेबाहेरच्या त्रयस्थ ठिकाणच्या गफलतीने झालेल्या व्यवहारांसाठी. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नाही, पण नियम तो आहे. म्हणून अशा वेळी शाखा उघडायची वाट बघू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.

तुमच्याकडची माहिती आणि अनुभव लिहा. फोन नंबर मात्र टाकू नका, कारण बरेचदा ते सिमकार्डही कुणा तिसऱ्याच्याच नावावर असतं.

तिखटमीठ

चांगला धागा. माझ्या मामेभावाचं अगदी असंच झालं. थर्टी फर्स्टला नागावला तीन कुटुंबं, दोन गाड्या, लहान पोरं, आत्याबाई. पिन बरोबर होतं, फाटकावरचं नावही बरोबर. केअरटेकर बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही पण का? सकाळपासून तुमची तिसरी फॅमिली." आत मालकाचं स्वतःचं कुटुंब पार्टीला आलेलं! त्या रात्री अलिबागेत खोली कुठून मिळणार? वडखळला एका ढाब्यावर जेवले आणि पहाटे पुण्यात परत.

पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती आहे. "पोलिस व्हेरिफिकेशनसाठी लागतं" म्हणून त्या भामट्याने सगळ्यांची आधार कार्डं आधीच मागवून घेतली होती. ती आता त्याच्याकडे आहेत.

खिडकी_नं_४

तिखटमीठ, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ती आधार कार्डं पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला वापरतात. "विश्वास नाही ना सर? हे घ्या माझं आधार." ते आधार आधीच्या एखाद्या फसलेल्याचं. म्हणजे समोरच्याने ओळखपत्र पाठवलं यावरून काहीच सिद्ध होत नाही, उलट स्वतःहून पाठवत असेल तर मी जास्त सावध होईन. तुमच्या भावाला यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावरून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करायला सांगा. पुढच्या वेळी मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि तेही शक्यतो पोचल्यावर, काउंटरवर.

निवांत_पुणेकर

एवढं सगळं करण्यापेक्षा बुकिंग न करताच जावं. आम्ही कॉलेजात असताना एसटीने हर्णैला उतरायचो, दारात उभं राहायचो, "खोली आहे का" विचारायचो. कधी उपाशी राहिलो नाही.

रानजाई

निवांत, तुमच्या कॉलेजच्या काळात दिवाळीला दिवेआगरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागत नव्हती. सासूबाईंचे गुडघे आणि पाच वर्षांचं पोर घेऊन दारोदार "खोली आहे का" विचारून दाखवा.

कोडकरी

तांत्रिक बाजूची थोडी भर.

फोटो गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणाऱ्या ॲपमध्ये) टाकून बघा हा सल्ला सगळे देतात. बघाच, पण त्यातून काय कळतं ते नीट समजून घ्या. एकच खरा विला पाच संकेतस्थळांवर वेगवेगळ्या नावांनी असतो, कारण या धंद्यात एजंट फार आहेत. फोटो दुसरीकडे सापडला म्हणजे फसवणूक असं नाही आणि कुठेच सापडला नाही म्हणजे खरं असंही नाही. लेन्सचा खरा उपयोग वेगळा. त्याने मूळ जाहिरात शोधायची, तिथे मालकाचा किंवा व्यवस्थापनाचा संपर्क असेल तर तिथे फोन लावायचा आणि "अमुक नावाच्या पानावरून तुमचं घर बुक होतंय, तो तुमचा माणूस आहे का?" असं सरळ विचारायचं. दोन मिनिटांत निकाल.

गूगल मॅपवरचा फोन नंबर हा शेवटचा शब्द समजू नका. तिथे 'बदल सुचवा' म्हणून कुणीही नंबर बदलायचा प्रस्ताव देऊ शकतो, आणि मालकाने ताब्यात न घेतलेल्या नोंदींवर असे बदल खपून जातात. हॉटेलच्या नावाची बनावट संकेतस्थळं तर ढिगाने आहेत. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कधी नोंदवलं ते 'हू-इज' या शोधसेवेवर फुकट दिसतं. "१९९८ पासून आपल्या सेवेत" लिहिलेल्या हॉटेलचं डोमेन गेल्या महिन्यातलं असेल तर काय ते समजा.

आणि व्हिडिओ. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ काही कामाचा नाही, तो मालकाच्याच रीलमधून उचललेला असतो. व्हिडिओ कॉल करा आणि चालू कॉलवर सांगा, "फाटकाबाहेर या आणि समोरचा रस्ता दाखवा." जो खरंच तिथे आहे तो कुरकुरत का होईना दाखवेल. दुसरा म्हणेल रेंज नाही.

देवबागकर

कोडकरीनू, रेंज आमच्याकडे खरंच नसता हां! पावसात तर तीन-तीन दिवस नसता. तेवढ्यावरून आमका चोर ठरवू नका.

गमतीचा सोडा. माझा देवबागात चार खोल्यांचा होमस्टे आहे. या धाग्यावर सगळे पाहुण्यांच्या बाजूने बोलतायत, आमची बाजू पण ऐका. फसवणूक आमची पण होते, आणि ती ठरलेल्या नाटकाप्रमाणे. हिंदीत फोन येतो. "मैं आर्मी से बोल रहा हूँ, हमारे सोलह लोग आएँगे, चार दिन." जेवणाचा मेनू विचारेल, गाड्यांचं पार्किंग विचारेल, युनिफॉर्ममधला फोटो आणि कँटीन कार्ड पाठवेल. मग म्हणतो, "आर्मी का पेमेंट सिस्टीम अलग होता है. पहले आप पाँच रुपये भेजो, दस वापस आएँगे." दहा खरंच परत येतात. मग तो क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाकायला सांगतो, आणि खात्यात यायच्या ऐवजी जातात. आधी ते यूपीआयवर 'रिक्वेस्ट' पाठवत. एकमेकांच्या खात्यात अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर राहिला. आमच्या वाडीत एका वहिनीचे बचत गटाचे पैसे असेच गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं एकच वाक्य मी आता रिसेप्शनच्या भिंतीवर लावलंय, पाहुण्यांसाठी नाही, आमच्याच माणसांसाठी.

माझ्याकडे पण तो आर्मीवाला आला होता. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे रोखच चालता, आगाऊ नको, या तुम्ही." तर शिव्या घालून फोन ठेवला. माका हसूच इला.

आता आगाऊ रकमेचं. तुम्ही म्हणाल टोकन देऊ नका. पण दिवाळीत खोली अडवून ठेवायची आणि पार्टी आली नाही तर आम्ही काय करायचं? मासळी आणलेली, गडी सांगितलेले. मोठ्या संकेतस्थळांवर जावं तर कमिशन कापतात. म्हणून ओळखीतून, फोनवरून येणारं बुकिंग हाच आमचा आधार आहे, आणि या भामट्यांनी नेमका तोच विश्वास घालवला. हल्ली खरे पाहुणेसुद्धा दहा प्रश्न विचारतात.

विचारा हो, जरूर विचारा! पण कामाचे विचारा. पर्यटन संचालनालयाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंद आहे का, तिचं प्रमाणपत्र मागा. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने पाठवतो, कौतुकानेच भिंतीवर लावलेलं असतं. एसटी कुठे थांबते विचारा, शेजारचं घर कुणाचं विचारा. दुपारी साडेबाराला फोन करा आणि आज बाजारात मासळी काय आली विचारा. खरा मालवणी माणूस बांगड्याचा भाव सांगून वर दहा मिनिटं बोलत बसेल.

तिखटमीठ

देवबागकर, चार खोल्या आमच्यासाठी धरा. टोकन नाही देणार! :)

देवबागकर

खिडकी नंबर चारवाल्यांकडे जमा करा, ते देतील माका.

साखरझोप

मोठी संकेतस्थळं सुरक्षित असा सूर दिसतोय म्हणून लिहिते. मी न्यू जर्सीत असते. एअरबीएनबीच्या बाबतीत अमेरिकेत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका महिला पत्रकाराने शोध घेऊन मोठा लेख लिहिला होता. तिला शिकागोत त्या घरी पोचायच्या जरा आधी यजमानाचा फोन आला, की आधीच्या पाहुण्यांनी टॉयलेट तुंबवलंय, घरात पाणी झालंय, तात्पुरतं माझ्या दुसऱ्या घरी जा. दुसरं घर भिकार. नंतर तिला कळलं की हीच कहाणी अनेक शहरांत अनेक खोट्या नावांनी चालू आहे. लेख गाजल्यावर कंपनीने सगळ्या नोंदी पडताळण्याची घोषणा केली.

म्हणजे आत राहूनही गडबड होते. फरक एवढाच की तिथे पैसे कुणाच्या हातात आहेत ते माहीत असतं. यजमानाला रक्कम साधारण चेक-इनच्या वेळेनंतर २४ तासांनी सोडली जाते, आणि अडचण कळल्यापासून ७२ तासांत तक्रार करता येते. "दुसऱ्या घरी जा, मग बघू" याला फोनवर हो म्हणायचं नाही. संकेतस्थळाच्याच मेसेजमध्ये लिहून मागायचं, पहिल्या घराच्या दाराचा फोटो काढायचा आणि तिथूनच तक्रार टाकायची. यजमान म्हणाला "इथलं रद्द करा, मी बाहेरून स्वस्तात देतो", तर ज्या संरक्षणासाठी आपण कमिशन मोजतो तेच सोडून दिलं. आपल्याकडच्या लोकांना हा मोह फार. पाचशे रुपये वाचतात ना!

आईवडील अमेरिकेत येणार असतील तर आणखी एक. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीला घर द्यायचं तर यजमानाला शहराकडे नोंदणी करावी लागते, त्याला स्वतः त्या घरात राहावं लागतं आणि पाहुणे दोनच. तेव्हा "मॅनहॅटनमध्ये पूर्ण अपार्टमेंट, चार रात्री, सहा माणसं" अशी फेसबुकवरची जाहिरात एक तर बेकायदा किंवा बनावट. दोन्हीत तुमचेच पैसे अडकणार.

उट्रेख्तची_सून

साखरझोपच्या पुढे जाऊन. बुकिंग डॉट कॉम ही आमच्या इथली, ॲमस्टरडॅमची कंपनी. २०२३ मध्ये युरोपात जो प्रकार गाजला तो तर कुणालाही चकवेल असा होता. भामट्यांनी कंपनी फोडली नाही, हॉटेलांचे संगणक फोडले. हॉटेलला ईमेल जायची, "मी तुमच्याकडे राहून गेलो, माझा पासपोर्ट विसरलाय, हा बघा फोटो." फोटो उघडला की व्हायरस आत आणि हॉटेलचा पासवर्ड बाहेर. मग त्याच हॉटेलच्या खात्यातून, ॲपच्या आतल्या चॅटमध्ये, तुमच्या खऱ्या बुकिंगच्या तारखांसकट पाहुण्याला मेसेज: "कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर २४ तासांत बुकिंग रद्द." खाली लिंक.

इथे "ॲपच्या बाहेर जाऊ नका" हा सल्लाही तोकडा पडतो, कारण मेसेज आतूनच आलेला. त्यामुळे मेसेज कुठूनही आला तरी त्यातली लिंक उघडून कार्डाचा नंबर टाकायचा नाही. ॲपमध्ये आपल्या बुकिंगच्या पानावर पैसे बाकी दिसतात का ते बघायचं आणि हॉटेलला स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करायचा.

दिंडोरी_दरवाजा

देवस्थानांचं कुणीच लिहिलं नाही. तिथे तर म्हातारी माणसं सापडतात. शिर्डीच्या भक्तनिवासाच्या नावाने बनावट पानं निघतात, संस्थानाने वेळोवेळी इशारे दिलेत. शिर्डीचं बुकिंग संस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. शेगावला तर जाऊन रांगेत खोली घ्यायची पद्धत, तरी "आनंद विहार ऑनलाइन बुकिंग" म्हणून नंबर सापडतातच! केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये खास यात्रेकरूंसाठी इशारा काढला होता. त्यात केदारनाथचं हेलिकॉप्टर आणि सोमनाथ ट्रस्टचं अतिथिगृह यांचा नावानिशी उल्लेख होता. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतात. आमच्या सोसायटीतल्या काकांना व्हॉट्सॲपवर तिकिटाची पीडीएफ आली होती, क्यूआर कोडसकट. काकूंनी प्रिंट काढून देवापुढे ठेवली होती.

मनवा_क

सगळ्यांना नमस्कार. मी फक्त वाचक आहे, पण आत्ता लगेच मदत हवी आहे. माझ्या दिरांनी काल रात्री मुरुडच्या (दापोलीजवळच्या) एका बीच हाउससाठी १२,००० रुपये यूपीआयने भरले. आज सकाळपासून तो माणूस म्हणतोय की डिपॉझिटचे १०,००० टाका, नाहीतर बुकिंग आपोआप रद्द होईल आणि आधीचे परत मिळणार नाहीत. पान छान आहे, फॉलोअर भरपूर आहेत. दीर म्हणतात टाकून मोकळं होऊ. हा धागा वाचून मी त्यांना थांबवलंय. त्याचा नंबर ९८ (संपादित)

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातला मोबाइल क्रमांक काढला आहे. कृपया क्रमांक, खाते तपशील, ओळखपत्रं टाकू नयेत.

खिडकी_नं_४

मनवाताई, डिपॉझिट टाकू नका. यूपीआय ॲपमध्ये कालचा व्यवहार उघडा. ज्याला पैसे गेले त्याचं बँकेतलं नाव काय दिसतंय? आणि त्या पानावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे?

कोडकरी

त्या पानाच्या माहितीत 'या खात्याबद्दल' म्हणून भाग असतो. खातं कधी उघडलं आणि आधी किती वेळा नाव बदललं ते बघा. फॉलोअर असलेली जुनी पानं विकत मिळतात. काल शायरीचं पान असतं, आज विलाचं.

मनवा_क

बँकेतलं नाव अगदीच वेगळं आहे, पानावर कुठेही नाही. पानाचं नाव तीनदा बदललंय. कोडकरींनी सांगितल्याप्रमाणे लेन्सने मूळ घर शोधलं, ते मुरुडचं नाहीच, गुहागरच्या बाजूचं निघालं. तिथे फोन लावला, बाई म्हणाल्या आमचं कुणी एजंट नाही. आता १९३० लावते.

खिडकी_नं_४

लावा. लागला नाही तर लावत राहा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, दोन्हीची यंत्रणा एकच आहे. हाताशी ठेवा: व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, ज्या खात्यातून गेले ते, ज्याला गेले तो यूपीआय आयडी. तक्रार दिरांच्या नावाने, कारण खातं त्यांचं आहे. पोच क्रमांक मिळाला की तो घेऊन त्यांच्या शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या. पैसे पुढच्या खात्यात अजून शिल्लक असतील तर तिथली बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते. म्हणून घाई.

निवांत_पुणेकर

पण त्याच्याशी गोड बोलून "दहा टाकतो, आधी बारा परत कर" असं खेळवता येणार नाही का?

खिडकी_नं_४

नाही. ते दिवसभर हेच करतात, आपण हौशी. त्याला काही कळवू नका, ब्लॉकही करू नका आत्ताच.

वकीलीण_बाई

मनवा, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेव. इन्स्टाग्राम पानाचे स्क्रीनशॉट पत्त्याच्या ओळीसकट काढ, पान उद्या गायब असेल. फोन फॉरमॅट करू नकोस, पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं.

बाकीच्यांसाठी कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागू. फसवणूक कलम ३१८, तोतयेगिरी करून फसवणूक ३१९, जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. घटना रायगडची आणि तुम्ही पुण्याचे म्हणून पोलिसांनी परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ कडे बोट दाखवा. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

खरी कटकट आहे ती अर्धवट खऱ्या एजंटांची, आणि माझ्याकडे येणारी प्रकरणं जास्त याच जातीची. एजंट खरा, विला खरा, मालकाशी त्याचा करारही असतो. पण एकाच तारखेचं टोकन दोघातिघांकडून घेतो, जो जास्त देईल त्याला चावी, बाकीच्यांना "मेंटेनन्स निघालाय, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू". पोलिस म्हणतात ही दिवाणी बाब, कारण फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवावं लागतं. एकाच तारखेच्या दोन पावत्या दोन वेगळ्या कुटुंबांकडे असतील तर ते दाखवता येतं, म्हणून असे लोक एकमेकांना सापडणं महत्त्वाचं. नाहीतर ग्राहक आयोग. बुकिंग संकेतस्थळावरून झालं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी: तिथे १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराची पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि प्रमाणपत्रावरचं नाव खात्याच्या नावाशी जुळतं का बघा. जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून कुणाचा आहे ते पाहता येतं. मात्र वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या होमस्टेला जीएसटी लागू होत नाही, तेव्हा नसला म्हणून देवबागकरांवर संशय नको.

देवबागकर

बाईनू, आभारी आसंय.

रानजाई

वाचनखूण साठवली. एक शंका. खरा मालक आहे पण ओळखीचा नाही, टोकन तर मागणारच. मग कसं द्यावं? क्रेडिट कार्डाने दिलं तर फरक पडतो का?

खिडकी_नं_४

पडतो. कार्डाच्या व्यवहारात सेवा मिळाली नाही म्हणून वाद उभा करता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. कागदपत्रं द्यावी लागतात, वेळ लागतो, पण दरवाजा उघडा असतो. यूपीआयने गेलेले पैसे समोरच्याने परत दिल्याशिवाय किंवा बँकेने वेळेत अडवल्याशिवाय परत येत नाहीत. अर्थात चार खोल्यांच्या होमस्टेकडे कार्डाचं यंत्र नसणार. तिथे मी एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त आगाऊ देत नाही, तेही नोंदणीच्या कागदावरचं नाव आणि यूपीआयवरचं नाव एकच असेल तर. बाकी पोचल्यावर. खरा मालक यावर घासाघीस करतो, "निम्मे तरी द्या" म्हणतो. "पाच मिनिटांत द्या" असं म्हणत नाही.

मनवा_क

तक्रार दुपारी नोंदली, पोच क्रमांक आला. शाखेत जाऊन अर्ज दिला. संध्याकाळी शाखेतून फोन आला की १२,००० पैकी ७,४०० पुढच्या एका खात्यात थांबवलेत, बाकीचे एटीएममधून निघालेत. थांबवलेले कधी मिळतील?

वकीलीण_बाई

आपोआप येत नाहीत. पोलिसांकडे पाठपुरावा करायचा, आणि न्यायालयाचा आदेश लागणार असेल तर त्यांचा अहवाल घेऊन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करायचा, आदेश झाला की बँक रक्कम वळती करते. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि पोलीस ठाणं तक्रारीच्या स्थितीत दिसेल. अर्जाचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दिरांच्या खात्याचं त्या दिवशीचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह काढून ठेव, ते पहिल्यांदा मागतात.